गिरणगावचा 'मी'

स्वतंत्र कोण, असे विचारले की आपण चटकन म्हणतो, ज्याला कोणाचे काही लागत नाही तो. कवींना तर हे माप फार जुने. दरबारी कवी धन्याचे अन्न खाई आणि धन्याची स्तोत्रे गाई. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, सावता माळी मात्र स्वकष्टाची भाकरी खात. त्यांच्या वाणीत मिंधेपणा नव्हता.

हे माप घेऊन मी लालबाग-परळच्या नारायण सुर्व्यांकडे वळतो, तेव्हा ते तोकडे पडते. या कवीला तर सारेच दुसऱ्यांकडून मिळाले! टाकून दिलेले तान्हे पोर गंगाराम सुर्वे या गिरणी कामगाराने उचलले, वाढवले आणि त्याला आपले नाव दिले. पुढे घरकाम, हॉटेल, गिरणी, शाळेतली शिपाईगिरी अशी वाट तुडवीत ते शिक्षक झाले. 1962 साली त्यांचा पहिला संग्रह निघाला, 'ऐसा गा मी ब्रह्म'. उपनिषदातल्या ऋषीचा अधिकार गिरणगावच्या पोराने घेतला, तोही कोणाची परवानगी न मागता! 1966 साली 'माझे विद्यापीठ' आले. ज्याला कॉलेजची पायरी ठाऊक नव्हती, त्याने रस्त्यालाच विद्यापीठ म्हटले.

मी शाळामास्तर. दर जूनमध्ये प्रवेशाची वही उघडतो. वडिलांच्या नावाच्या रकान्यापाशी एखादी आई अडखळते, तेव्हा सुर्व्यांची 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' ही कविता आठवते आणि हातातली लेखणी जड होते. बापाचे नाव नसले म्हणून माणूस अपुरा का? सुर्व्यांना हा प्रश्न पुस्तकात सापडला नव्हता. तो त्यांच्या जन्माबरोबरच आला होता.

कामगार चळवळीचेही त्यांच्यावर ऋण होते, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. पण चळवळीत असूनही घोषणेची भाषा त्यांनी कवितेत जशीच्या तशी आणली नाही. चाळीतला माणूस आपल्या घरात बोलतो तशी ती बोलली. माझ्या मते त्यांची स्वयंपूर्णता हीच. घेतलेले मोकळेपणी कबूल करावे, आणि बोलताना शब्द आपला असावा.

1982 च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. 1995 साली परभणीच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद सुर्व्यांकडे आले. 2010 साली ते गेले. गंगारामने दिलेले ते आडनाव आज आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांतून घरोघरी पोचले आहे. त्या गिरणी कामगाराला याहून मोठा वारसा कोणता हवा होता?