नीट हुकली? बायोलॉजीच्या पोरांसाठी औषध-लस संशोधनाची वाट अशी आहे

नीटचा निकाल लागला की गावात एकच चर्चा असते. पोराला किती पडले आणि आता रिपीट करायचं का? २०२४ ला देशात २४ लाखांच्या आसपास मुलांनी नीटचे फॉर्म भरले. एमबीबीएसच्या जागा मात्र लाखाच्या थोड्या पुढे. म्हणजे बहुतेक पोरं बाहेरच राहणार हे गणित आधीच ठरलेलं. तरी लातूरला किंवा नांदेडला खोली करून दुसरं वर्ष, मग तिसरं वर्ष असं चालू राहतं. क्लास, खोली आणि मेस यात सोयाबीनची सगळी पट्टी जाते.

याच बायोलॉजीवर दुसरी एक वाट आहे. तिची माहिती तालुक्याच्या कॉलेजातही सहसा कुणी देत नाही. ती म्हणजे माणसांच्या आणि जनावरांच्या आजारांवर संशोधन. रोग कशाने होतो, अंगात नेमकं काय बिघडतं, त्यावर औषध, लस किंवा तपासणीचं किट कसं बनवायचं, हे काम करणारे शास्त्रज्ञ डॉक्टरच असतात असे नाही. बरेच जण एमएस्सी, पीएचडी केलेले असतात.

हे काम आपल्यापासून फार लांबचं आहे असंही नाही. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातून आलेले डॉ. हिंमतराव बावस्कर महाड तालुक्यात सरकारी दवाखान्यात होते. कोकणात लाल विंचू चावून माणसं दगावायची. त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी विंचूदंशावर चालते हे दाखवून दिलं. ते काम लॅन्सेटसारख्या जगातल्या मोठ्या नियतकालिकात छापून आलं. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी लम्पीने गोठे रिकामे केले. तेव्हा लम्पीची देशी लस हरियाणातल्या हिसार इथल्या अश्व संशोधन केंद्राने आणि इज्जतनगरच्या पशुवैद्यक संशोधन संस्थेने मिळून तयार केली होती. कोरोनात ज्या लॅबचं नाव घरोघरी गेलं, ती राष्ट्रीय विषाणू संस्था तर आपल्या पुण्यातच आहे, १९५२ पासून.

बारावीनंतरची पहिली दारं

सगळ्यात महत्त्वाचं दार म्हणजे आयसर. देशात सात आयसर आहेत, त्यातलं एक पुण्यात पाषाणला. इथे पाच वर्षांचा बीएस-एमएस कोर्स असतो. पहिल्या वर्षांत सगळी शास्त्रं शिकवतात, नंतर आपला विषय निवडायचा आणि शेवटचं वर्ष प्रयोगशाळेत. प्रवेशासाठी त्यांची स्वतःची परीक्षा असते, तिला आयएटी म्हणतात. ६० प्रश्न, ३ तास. बायोलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणिताचे १५-१५ प्रश्न. बारावीला या चारपैकी तीन विषय असले तरी चालतं. म्हणजे गणित सोडलेली पोरंही बसू शकतात, फक्त गणिताच्या प्रश्नांसाठी थोडी वेगळी तयारी करावी लागते. बारावीला ६० टक्के लागतात, एससी-एसटी आणि दिव्यांगांना ५५.

इथे एक अट घरच्यांनी नीट ऐकून घ्यावी. आयसरला त्या वर्षी किंवा आदल्या वर्षी बारावी झालेलेच बसू शकतात. एकदा रिपीट केलं तर दार उघडं असतं, दोनदा केलं की बंद. नीटच्या नादात तिसरं वर्ष घालवणाऱ्या किती जणांना ही गोष्ट माहीत असते? म्हणून रिपीट करायचंच असेल तर त्या वर्षी नीटसोबत आयएटीचाही फॉर्म भरून ठेवावा. अभ्यास बराचसा तोच आहे.

फॉर्म साधारण मार्च-एप्रिलमध्ये सुटतात, म्हणजे नेमक्या बोर्डाच्या धावपळीत. परीक्षा मे-जूनमध्ये होते. नीटचा पेपर मराठीत घेता येतो, हा मराठीत नसतो. मराठी माध्यमाच्या पोरांनी अकरावीपासूनच शास्त्रातले इंग्रजी शब्द सवयीचे करून घ्यावेत.

दुसरी परीक्षा नेस्ट. तिच्यातून भुवनेश्वरचं नायसर आणि मुंबई विद्यापीठाच्या आवारातलं सीईबीएस इथे पाच वर्षांच्या एमएस्सीला प्रवेश मिळतो. चार विषयांपैकी ज्या तीनमध्ये चांगले गुण पडतील तेच धरतात. इथल्या मुलांना वर्षाला ६० हजार शिष्यवृत्ती आणि उन्हाळ्यातल्या प्रोजेक्टसाठी २० हजार मिळतात. बंगळूरच्या आयआयएससीचीही पदवी आहे, पण तिथे बारावीला गणित लागतंच.

जवळच्या कॉलेजात बीएस्सी केली तर?

तरी वाट बंद होत नाही. फक्त विषय निवडताना डोळे उघडे ठेवावेत. केंद्र सरकारची इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची आहे. बोर्डात वरच्या एक टक्क्यात आलेल्या आणि मूलभूत विज्ञानाला प्रवेश घेतलेल्या मुलांना ती मिळते. तिच्या विषयांच्या यादीत मायक्रोबायोलॉजी, बायोकेमिस्ट्री, झूलॉजी, बॉटनी आहेत, बायोटेक्नॉलॉजी नाही. नाव भारी वाटतं म्हणून बायोटेक घेतलं आणि शिष्यवृत्ती गेली, असं नको. अर्ज पहिल्या वर्षालाच करायचा असतो.

बीएस्सीच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात एक काम जरूर करावं. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात. निवड झाली तर दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम, वर मानधन. अर्ज हिवाळ्यात, साधारण नोव्हेंबरपर्यंत असतात. आपल्या भागातली पोरं उन्हाळा आला की चौकशी करतात, तोवर यादी लागलेली असते. ज्याने कधी मायक्रोपिपेट हातात धरलेलं नाही, त्याला हे दोन महिने पुढच्या दोन वर्षांइतके कामाला येतात.

मग एमएस्सी. आयआयटी आणि इतर संस्थांसाठी जॅम परीक्षा फेब्रुवारीत होते, फॉर्म आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या जागांसाठी गॅट-बी आहे, त्यातून प्रवेश मिळाला तर एमएस्सी बायोटेकला महिन्याला ५ हजार मिळतात. टीआयएफआरची परीक्षा डिसेंबरात असते. तिथे बीएस्सीवरूनच एमएस्सी आणि पीएचडी एकत्र करता येते.

पीएचडीत पैसे भरायचे की मिळतात?

गावात सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. 'अजून किती वर्षं शिकणार?' असं नातेवाईक विचारतात. पण एमएस्सीनंतर सीएसआयआर नेट किंवा डीबीटी-बेट परीक्षेतून जेआरएफ मिळाली की महिन्याला ३७ हजार रुपये आणि वर घरभाडे भत्ता मिळतो. दोन वर्षांनंतर ४२ हजार. हे दर १ जानेवारी २०२३ पासूनचे आहेत. नेट वर्षातून दोनदा होते, एमएस्सीच्या शेवटच्या वर्षालाही देता येते. जेआरएफ नसेल तर राज्याच्या फेलोशिप आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी समाजासाठी सारथी, ओबीसी, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी महाज्योती. त्यांची जाहिरात दरवर्षी ठरल्या महिन्यात येईलच असे नाही, लक्ष ठेवावं लागतं.

पीएचडीसाठी लांब जायची गरज नाही. पुणे विद्यापीठाच्या आवारात पेशींवर काम करणारी एनसीसीएस आहे, मुंबईत परळला प्रजनन आरोग्यावरची संस्था, खारघरला टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र अ‍ॅक्ट्रेक.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी. पीएचडीला पाच-सहा वर्षं जातात. फेलोशिपचे पैसे कधी कधी महिनोन्‌महिने उशिरा जमा होतात. पक्क्या सरकारी शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या, आणि त्याआधी बरेच जण दोन-चार वर्षं परदेशात किंवा इथेच पोस्टडॉक करतात. ज्या घरात एकविसाव्या वर्षी पगार आलाच पाहिजे, त्यांनी बीएस्सी किंवा एमएस्सीनंतर लस-औषध कंपन्यांतल्या क्वालिटी कंट्रोलच्या नोकऱ्या किंवा सरकारी प्रयोगशाळांतली प्रोजेक्ट असिस्टंटची कंत्राटी कामं बघावीत. या मुलाखतींच्या जाहिराती संस्थेच्या वेबसाइटवर लागतात. नीटमधून एमबीबीएस नाही पण पशुवैद्यक मिळालं, तर तेही कमी समजू नये. जनावरांच्या रोगांवरचं संशोधन तिथूनच सुरू होतं.

फसवणूकही वाढली आहे. 'इंटर्नशिप सर्टिफिकेट, आठ हजार' असे मेसेज ग्रुपवर फिरतात. काही सरकारी प्रयोगशाळाही एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी फी घेतात, पण ती संस्थेच्या खात्यात जाते आणि पावती मिळते. कुणाच्या खासगी नंबरवर पैसे पाठवायला सांगितलं की समजून जावं.

कागदपत्रं आधी काढा

आयसर, नायसर, नेट या सगळ्या केंद्राच्या गोष्टी. त्यामुळे ओबीसींचा नॉन-क्रिमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. ईडब्ल्यूएसचंही तसंच. दाखला चालू आर्थिक वर्षातला, म्हणजे १ एप्रिलनंतरचा मागतात. आपली जात केंद्राच्या ओबीसी यादीत आहे का, हेही आधी बघून घ्यावं, कारण राज्याची आणि केंद्राची यादी सारखी नाही. सेतू केंद्रात अर्ज करताना 'केंद्राचा नमुना' असं स्पष्ट सांगावं, नाहीतर ऑपरेटर नेहमीचाच दाखला काढून देतो आणि चूक थेट प्रवेशाच्या दिवशी कळते.