जड प्रवासी मोटारसायकलचे टायर

जड प्रवासी मोटारसायकलचे टायर म्हणजे दोनशे किलोच्या आसपास किंवा त्याहून अधिक वजनाच्या, लांब पल्ल्याच्या प्रवासासाठी वापरल्या जाणाऱ्या मोटारसायकलींना बसवायचे हवेचे रबरी टायर. भारतात या वर्गात प्रामुख्याने रॉयल एनफिल्डच्या ३५० ते ६५० सीसीच्या गाड्या येतात. होंडा गोल्डविंगसारखी साडेतीनशे किलोहून अधिक वजनाची गाडी आपल्याकडे क्वचितच दिसते. कारखान्यातून आलेले मूळ टायर झिजल्यानंतर बदली टायर निवडताना त्यांचा टिकाऊपणा हा मुख्य निकष मानला जातो. परंतु टिकाऊपणा म्हणजे केवळ किलोमीटरची संख्या नव्हे. भार, उष्णता, वय आणि पंक्चर यांना टायर किती काळ तोंड देतो, हेही त्यातच मोजावे लागते.

या निवडीत ग्राहकाची एक विशेष अडचण आहे. मोटारसायकलच्या टायरसाठी टिकाऊपणाचा कोणताही अधिकृत आकडा उपलब्ध नसतो. अमेरिकेत मोटारींच्या टायरवर झिजेची श्रेणी छापणे बंधनकारक आहे, पण ती मोटारसायकलच्या टायरला लागू नाही. भारताने २०२२ साली टायरचा घर्षणरोध, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांविषयी जी मानके अधिसूचित केली, तीही मोटारी, बस व मालमोटारी यांच्या टायरपुरतीच आहेत. त्यामुळे दुकानदाराने सांगितलेला ‘इतके हजार किलोमीटर’ हा आकडा अनुभवाचा असू शकतो, प्रमाणित मात्र नसतो. टायरच्या कडेवरील खुणा वाचता येणे हाच ग्राहकाच्या हातातला खरा आधार होय.

कडेवरील खुणा

२०२१ साली आलेल्या नव्या रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० या गाडीच्या मागील टायरवर ‘१२०/८०-१८ ६२ पी’ अशी खूण असते. यातील १२० ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये आहे. ८० म्हणजे टायरची उंची त्या रुंदीच्या ८० टक्के, अर्थात ९६ मिलिमीटर. १८ हा चाकाच्या रिमचा व्यास इंचांत आहे. रुंदी, उंची व इंच एवढे जुळले की बहुतेक ग्राहक समाधानी होतात. खरे महत्त्व मात्र पुढच्या दोन खुणांना आहे. ६२ हा भारांक असून त्याचा अर्थ, योग्य दाब असताना हा टायर २६५ किलो भार पेलू शकतो. ‘पी’ हे वेगचिन्ह ताशी १५० किलोमीटरची मर्यादा दाखवते. ‘एस’ १८०, ‘एच’ २१० आणि ‘व्ही’ २४० किलोमीटरची.

भारांकाचा हिशेब साधा आहे, पण तो क्वचितच केला जातो. याच गाडीचे वजन १९५ किलो. चालक ७५, मागे बसणारी व्यक्ती ६५ आणि सामान २५ किलो धरले, तर एकूण ३६० किलो होतात. मागची व्यक्ती व सामान यांचा भार बहुतांशी मागच्या चाकावर येत असल्याने एकूण वजनाचा साठ टक्क्यांहून अधिक वाटा, म्हणजे सुमारे २२० किलो, एकट्या मागील टायरवर पडतो. ६२ भारांकाच्या टायरला यात पुरेशी मोकळीक उरते. त्याच्या जागी ५२ भारांकाचा, म्हणजे २०० किलो क्षमतेचा टायर बसवला, तर तो चाकावर नीट बसेल, रस्त्यावर चालेलही. पण प्रत्येक दुहेरी सवारीत त्याच्यावर क्षमतेपेक्षा अधिक भार राहील. अशा टायरची नक्षी शिल्लक असतानाच आतील धाग्यांचे थर सुटू लागतात. म्हणून बदली टायरचा भारांक व वेगचिन्ह मूळ टायरपेक्षा कमी नसावे, हा निवडीचा पहिला नियम आहे.

निर्मितीची तारीख चार अंकांत कोरलेली असते. ‘२३२४’ म्हणजे २०२४ सालचा तेविसावा आठवडा. रबर न वापरताही कडक होत जाते, म्हणून सवलतीत मिळणारा तीन-चार वर्षे पडून राहिलेला टायर ‘नवा’ म्हणून घेणे फारसे शहाणपणाचे नाही. वापरात पाच वर्षे झाल्यावर दरवर्षी तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शिल्लक असली तरी टायर बदलावा, असे अनेक उत्पादक सुचवतात. भारतात विकल्या जाणाऱ्या दुचाकी टायरवर भारतीय मानक ब्यूरोचे आयएसआय चिन्ह आवश्यक असून त्यासाठीचे मानक आयएस १५६२७ हे आहे.

रचना आणि रबर

टायरच्या आतील धागे तिरपे, एकमेकांना छेदत घातलेले असतील तर त्याला बायस टायर म्हणतात. धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ गेले असतील आणि त्यांवर पट्टा असेल तर तो रेडियल. मिशेलिन या फ्रेंच कंपनीने रेडियल रचनेचे पेटंट १९४६ साली घेतले. मोटारसायकलींत ही रचना १९८० च्या दशकात रुजली. रेडियल टायर कमी तापतो आणि वेगात अधिक स्थिर राहतो. बायस टायरची कड जाड व ताठ असते. खड्ड्यांचे मार आणि जड सामान ती बरे सोसते. भारतातील बऱ्याच जड गाड्यांना आजही बायस टायरच येतात. त्यात कमीपणाचे काही नाही. मात्र पुढे एक प्रकार व मागे दुसरा, अशी जोडी गाडीच्या उत्पादकाने मान्य केलेली नसेल तर टाळावी. रेडियल टायरच्या मापात ‘आर’ आणि पट्टायुक्त बायस टायरच्या मापात ‘बी’ हे अक्षर असते.

रबर कठीण असेल तर ते उशिरा झिजते, पण ओल्या रस्त्यावर पकड कमी मिळते. मिश्रणात सिलिका घालून ही ओढाताण काहीशी सैल केली जाते. दुसरा उपाय दुहेरी रबराचा: मधल्या पट्ट्यात कठीण व दोन्ही खांद्यांकडे मऊ रबर. महामार्गावर सरळ चालणाऱ्या जड गाडीचा टायर मध्यभागीच झिजून चौकोनी होतो आणि मग वळणावर गाडी एका बाजूने दुसरीकडे झटक्याने कलते. मोठ्या पल्ल्याच्या चालकांना दुहेरी रबराचा टायर म्हणूनच उपयोगी पडतो.

किलोमीटरच्या हव्यासापोटी परदेशात काही गोल्डविंगधारक मागील चाकाला चक्क मोटारीचा टायर बसवतात. तो बराच काळ टिकतो, यात शंका नाही. परंतु त्याचा माथा सपाट असल्याने वळणात कललेली गाडी त्याच्या कडेवर उभी राहते. उत्पादक या प्रयोगाला मान्यता देत नाहीत. आपल्याकडील तशीच हौस म्हणजे मूळ मापापेक्षा रुंद टायर. अरुंद रिमवर तो चिमटला जातो, त्याचा माथा अधिक गोल होतो आणि कधी साखळीला किंवा मडगार्डला घासतो. गाडी भारदस्त दिसते एवढाच लाभ. मालमोटारींत रूढ असलेला रिमोल्ड टायर जड मोटारसायकलला वापरू नये.

नातेपुते परिसरातील परिस्थिती

माळशिरस तालुक्यातील नातेपुते हे गाव पुणे–पंढरपूर मार्गावर, संत ज्ञानेश्वर महाराज पालखीच्या मुक्कामाचे ठिकाण आहे. हा मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग ९६५ म्हणून ओळखला जातो. दिवेघाट ते मोहोळ या त्याच्या चौपदरीकरणाची पायाभरणी ८ नोव्हेंबर २०२१ रोजी झाली. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर दुचाकींना मज्जाव असल्यामुळे महाराष्ट्रातील मोटारसायकल-प्रवास अशाच महामार्गांवरून आणि त्यांना फुटणाऱ्या गावरस्त्यांवरून होतो. येथे एकाच दिवसात टायरला रुंद, सरळ महामार्ग, गावातील उखडलेला डांबरी रस्ता आणि शिखर शिंगणापूरकडे चढणारा घाटरस्ता असे तिन्ही प्रकार भेटू शकतात.

शिंगणापूरची यात्रा चैत्रात भरते आणि सोलापूर जिल्ह्यात चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांपलीकडे जातो. तापलेल्या रस्त्यावर कमी हवेचा टायर प्रत्येक फेऱ्यात अधिक दबतो, त्या दबण्यातून आणखी तापतो. नव्या काँक्रीट रस्त्यांमुळे टायर लवकर जातात, असा समज सर्वत्र आहे. पृष्ठभागाच्या खरखरीतपणाने झीज बदलते हे खरे, परंतु कमी हवेने झालेले नुकसान रस्त्याच्या माथी मारले जाते, असेही पुष्कळदा घडते. हवा सकाळी, गाडी चालण्यापूर्वी तपासावी; दुहेरी सवारीसाठी गाडीच्या पुस्तिकेत दिलेला अधिक दाब ठेवावा. चालून तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून वाटेत हवा सोडण्याची पद्धत चुकीची आहे. टायर थंड झाल्यावर तो कमी हवेचा ठरतो.

गळीत हंगामाचा प्रश्न वेगळा आहे. सदाशिवनगर, माळीनगर, अकलूज या साखर कारखान्यांच्या पट्ट्यात दिवाळीच्या सुमारास ऊसवाहतूक सुरू होते. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातील चिखल रस्त्यावर येतो, सांडलेल्या उसाचा चोथा होतो आणि बैलांच्या पत्र्यांचे खिळे रस्त्यावर पडतात. ट्यूबच्या टायरमधील हवा खिळ्याने झपाट्याने जाऊ शकते. दोनशे किलोची भरलेली गाडी अशा वेळी सावरणे कठीण. ट्यूबलेस टायर खिळा धरून ठेवतो, हवा हळूहळू जाते. पण साध्या तारांच्या चाकावर ट्यूब काढून ट्यूबलेस टायर चालत नाही, कारण तारांच्या भोकांतून हवा निघून जाते. ज्यांच्या गाडीला मिश्रधातूची चाके आहेत त्यांनी ट्यूबलेसच घ्यावा. नक्षीच्या भागातील लहान छिद्र बुजवता येते. कडेवरील चीर मात्र दुरुस्त होत नाही.

बसवणे, वापर आणि बदल

टायरवरील बाण फिरण्याच्या दिशेने ठेवावा लागतो. ट्यूबच्या टायरबरोबर नवी ट्यूब घ्यावी; जुनी ताणलेली ट्यूब नव्या टायरमध्ये चुरगळते. जड गाडीचा मागील टायर पहारीच्या जोरावर काढल्यास रिमला इजा होते, म्हणून यंत्राची सोय असलेले दुकान गाठणे बरे, भले त्यासाठी बारामती किंवा पुण्यापर्यंत जावे लागो. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो; पहिले शे-दीडशे किलोमीटर वेग व कल बेताचाच ठेवावा.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ नुसार दुचाकीच्या टायरची नक्षी किमान ०.८ मिलिमीटर खोल असणे बंधनकारक आहे. ही कायद्याची तळरेषा आहे, प्रवासाची नव्हे. आषाढात वारीच्या काळात ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर फेकण्याची क्षमता त्याच्या कितीतरी आधी घटलेली असते. दुहेरी सवारीने दूर जाणाऱ्याने दोन मिलिमीटरच्या सुमारासच टायर बदलावा. नक्षीच्या खाचांत तळाशी असलेले छोटे उंचवटे पृष्ठभागाशी समपातळीत आले की बदलाची वेळ उलटू लागली, असे समजावे. मागील टायर पुढच्यापेक्षा लवकर संपतो. तेव्हा पुढच्याचे वय व भेगा तपासून मगच तो ठेवायचा की नाही हे ठरवावे.

काढलेला टायर दुकानदाराकडे परत देणे श्रेयस्कर. टाकाऊ टायरच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवर टाकली आहे. गावात जुन्या ट्यूबच्या पट्ट्या सामान बांधायला आणि टायर पत्र्याच्या छपरावर वजन म्हणून वापरले जातात. होळीत टायर जाळण्याची प्रथा मात्र घातक असून त्या धुरात गंधकाची व काजळीची विषारी भर असते.