पेटी उलटी धरू नका

रात्री तुम्ही कामोठ्यात महामार्गाच्या कडेला बॅग घेऊन उभे आहात. गोव्याची ट्रॅव्हल्स नेहमीसारखीच उशिरा येते. पळस्पे फाटा मागे पडतो, वडखळच्या खड्ड्यांत मान आपटते आणि कधीतरी डोळा लागतो.

जाग येते ती चिखलाच्या आणि डांबराच्या वासाने. बस नाही. समोर मांडवी आहे, पावसाळा ओसरतो आहे, साल 1540 च्या आसपासचं. मार्चमध्ये लिस्बनहून निघालेलं जहाज सहा महिन्यांनी धक्क्याला लागलंय. तुमच्या खांद्यावर आडवा बांबू आहे आणि चौघांत मिळून एक लांबट पेटी वाहायची आहे.

पेटीत चित्रं आहेत, लाकडी फळ्यांवर तैलरंगांत काढलेली. सांता कातारिना या संत स्त्रीच्या वेदीमागे ती उभी राहणार. तिच्याच सणाला, 25 नोव्हेंबर 1510 रोजी, पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कने हे गोवा शहर जिंकलं. तेव्हापासून मालकीण तीच. (जुन्या गोव्याच्या ज्या से कॅथेड्रलमध्ये ही चित्रं पुढे जायची, त्याचं बांधकाम 1562 पर्यंत सुरूही व्हायचं नाही.)

चित्रकार गार्सिया फर्नांडिश लिस्बनमध्येच राहिला. 1518 च्या प्लेगात फ्रान्सिश्कु हेन्रीकिश हा जाणता चित्रकार गेला, तेव्हा त्याचं अर्धवट काम गार्सियाकडे आलं, आणि कामासोबत त्याची मुलगीही. त्या वेळी राजाने कबूल केलेल्या पदासाठी 1540 मध्येही बिचारा अर्जच करत होता. सरकारदरबारी खेटे घालणं आपल्याकडचंच असावं असा आपला एक गोड गैरसमज असतो.

तुम्ही पेटी उतरवता. पाद्री कहाणी सांगतो: अलेक्झांड्रियाची राजकन्या, पंडितांना वादात हरवणारी, तिला मारायला आणलेलं काटेरी चाकच मोडलं, मग तलवारीने मारली. माणसं निमूट ऐकतात. याच सुमारास इथल्याच तिसवाडीतली देवळं पाडली जाताहेत. एका देवाचं घर उठतंय आणि दुसऱ्याचं सामान उतरतंय, हमाल मात्र तेच. गार्सियाला यातलं काय ठाऊक असणार?

कोपऱ्यात एक म्हातारा मेस्त, म्हणजे सुतार, उभा आहे. फळी बाहेर निघते तसे सगळे चेहऱ्याकडे पाहतात. तो मागे जाऊन पाठीवरून अंगठा फिरवतो, सांधा चाचपतो, नखाने टोकरून वास घेतो.

“आपलं लाकूड नव्हे,” तो तुम्हाला हळूच म्हणतो. “पुढच्या पावसात फुगेल बघ.”

आणि धोतराच्या सोग्याने फळीवरचं पाणी टिपू लागतो.