कविवर बनारसीदास : संभ्रमातून नेतृत्वाकडे

जैन समाजाच्या इतिहासात प्रभावक आचार्य, तपस्वी मुनी, धर्मनिष्ठ राजे आणि दानशूर श्रेष्ठी यांची चरित्रे विपुल आहेत. ती वाचताना मस्तक नम्र होते. परंतु संसारात गुंतलेल्या श्रावकाच्या मनात एक प्रश्न उरतोच. ज्याच्या व्यवसायात यशापेक्षा अपयश अधिक, ज्याच्या श्रद्धेला वारंवार हादरे बसले आणि ज्याला पुढचा मार्ग कित्येक वर्षे दिसलाच नाही, अशा सामान्य गृहस्थाकडून समाजाला काही दिशा मिळू शकते काय? या प्रश्नाचे उत्तर चारशे वर्षांपूर्वीच्या एका व्यापारी श्रावकाच्या जीवनात सापडते. ते श्रावक म्हणजे आग्र्याचे कविवर बनारसीदास होत.

त्यांचे जीवन आज इतक्या तपशिलाने ज्ञात आहे, याचे कारण त्यांनी ते स्वतःच लिहून ठेवले. विक्रम संवत १६९८, म्हणजे इ.स. १६४१ मध्ये पूर्ण झालेला ‘अर्धकथानक’ हा ६७५ पद्यांचा ग्रंथ हिंदी भाषेतील पहिले आत्मचरित्र मानला जातो. मनुष्याचे पूर्ण आयुष्य ११० वर्षांचे धरून, ५५ व्या वर्षापर्यंतची ही कथा म्हणून त्यांनी ग्रंथाला ‘अर्ध’ असे नाव दिले. थोर संशोधक पंडित नाथूराम प्रेमी यांनी १९४३ मध्ये मुंबईहून हा ग्रंथ संपादित करून प्रकाशित केला आणि एका विस्मृत श्रावकाची ओळख आधुनिक वाचकांना झाली.

जन्म आणि अस्थिर काळ

बनारसीदासांचा जन्म संवत १६४३ च्या माघ महिन्यात (इ.स. १५८६-८७) जौनपूर येथे श्रीमाळ कुळात झाला. पिता खरगसेन जवाहिराचा व्यापार करीत. मुलाचे पहिले नाव विक्रमाजीत होते. पुढे खरगसेन बाळाला घेऊन काशीस पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले असता, तेथील पुजाऱ्याने ध्यानाचा आव आणून दैवी आदेश झाल्याचे सांगितले आणि भगवंतांच्या जन्मनगरीवरून बाळाचे नाव बनारसीदास असे ठेवले. आपले नाव एका पुजाऱ्याच्या बनावातून आले, हे कविवरांनी प्रौढपणी कोणताही आडपडदा न ठेवता नोंदविले आहे.

तो काळ व्यापाऱ्यांसाठी सोपा नव्हता. संवत १६५५ (इ.स. १५९८) मध्ये जौनपूरचा अधिकारी किलीच खान याने मागितलेली मौल्यवान वस्तू मिळाली नाही, म्हणून तेथील जवाहिऱ्यांना कैद करून मारहाण केली. सुटका होताच सर्व जवाहिरे कुटुंबांसह गाव सोडून निघाले. पुढे ऑक्टोबर १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरास पोहोचली, तेव्हा दुकाने बंद झाली आणि लोकांनी दागदागिने व हुंडीचे कागद जमिनीत पुरले. धनवानांनी जाडीभरडी वस्त्रे परिधान केली. सुमारे दहा दिवसांनी जहांगीर गादीवर बसल्याचे पत्र आले, तेव्हा कोठे गाव शांत झाले. उद्या काय होईल हे कोणासही ठाऊक नसताना व्यापार आणि धर्म दोन्ही सांभाळणे, हीच त्या पिढीची कसोटी होती.

बदलत गेलेली श्रद्धा

बनारसीदासांचे तरुणपण सरळ मार्गाचे नव्हते. एकीकडे खरतरगच्छाचे मुनी भानुचंद्र यांच्याजवळ ते प्रतिक्रमणादी विषयांचा अभ्यास करीत होते, तर दुसरीकडे शृंगाराच्या नादी लागून त्यांनी सुमारे एक हजार पद्यांचा ‘नवरस’ ग्रंथ रचला होता. एका संन्याशाने मंत्राच्या बळावर रोज सुवर्णमुद्रा मिळेल असे सांगितले, तेव्हा त्यांनी वर्षभर तो मंत्र जपला. मुद्रा काही मिळाली नाही. दुसऱ्या एका साधूने दिलेल्या शंखाची शिव म्हणून पूजा ते गुप्तपणे करीत राहिले. अकबराच्या निधनाची वार्ता ऐकताच ते जिन्यावरून कोसळले आणि डोके फुटून रक्तबंबाळ झाले. ज्याची इतके दिवस पूजा केली त्याने संकटात साहाय्य केले नाही, हा विचार मनात येऊन त्यांनी ती पूजा सोडली.

त्याच सुमारास एके दिवशी मित्रांसह गोमती नदीच्या पुलावर बसून ‘नवरस’ वाचत असता, आपण कल्पित गोष्टींचा हा केवढा ढीग रचला, या जाणिवेने त्यांचे मन विटले. त्यांनी संपूर्ण पोथी नदीत सोडून दिली. मित्र हळहळले, परंतु त्या दिवसापासून त्यांनी जिनदर्शन, पूजा आणि व्रतनियम यांना आरंभ केला. हा बदल मोठा होता, परंतु तो अखेरचा नव्हता. एका क्षणात मनुष्य कायमचा बदलतो असा दावा त्यांनी कोठेही केलेला नाही.

व्यापारातील चढउतार

संवत १६६७ (इ.स. १६१०) मध्ये खरगसेनांनी पुत्राच्या स्वाधीन काही जवाहीर, वीस मण तूप, तेलाचे दोन बुधले आणि दोनशे रुपयांचे जौनपुरी कापड करून त्यास आग्र्यास पाठविले. तेथे तूप, तेल व कापडाच्या विक्रीत हाती फारसे काही लागले नाही. नाड्यात बांधलेली रत्ने नाडा तुटून पडली. पायजम्यात बांधून ठेवलेली माणके उंदरांनी पायजम्यासह ओढून नेली. मुद्दल संपले. कित्येक महिने एका कचोरीवाल्याकडे उधारीवर जेवून दिवस काढावे लागले. रात्री ते ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथा वाचून दाखवीत आणि दहा-वीस श्रोते जमत. कचोरीवाल्यास त्यांनी आपली स्थिती लपविली नाही आणि त्यानेही विश्वासाने उधारी चालू ठेवली. पुढे भागीदारीतून पैसा हाती येताच त्यांनी चौदा रुपयांचा हिशेब चुकता केला.

सासुरवाडीस खैराबादला गेले असता पत्नीने जवळ साठविलेले वीस रुपये पतीच्या हाती ठेवले आणि आईकडून दोनशे रुपये मिळवून दिले. त्या भांडवलावर त्यांनी कापड घेऊन त्याची धुलाई करविली आणि काही मोतीही घेतले. आग्र्यास पोहोचल्यावर कापडाला भाव नव्हता. तोटा सोसून ते विकावे लागले. मोत्यांत मात्र थोडा लाभ झाला. पुढेही भागीदाऱ्या झाल्या आणि मोडल्या. संवत १६७३ (इ.स. १६१६) मध्ये आग्र्यात गाठीच्या तापाची साथ पसरली, तेव्हा शहर सोडून खेड्यात राहावे लागले.

घरातील दुःख याहून मोठे होते. त्यांचे तीन विवाह झाले. सात पुत्र आणि दोन कन्या अशी नऊ अपत्ये झाली, परंतु एकही जगले नाही. शेवटचा पुत्र नऊ वर्षांचा होऊन संवत १६९६ मध्ये गेला. ‘अर्धकथानक’ त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनी लिहिले गेले, हे वाचकाने ध्यानी ठेवावे.

बारा वर्षांचा संभ्रम

संवत १६८० (इ.स. १६२३) मध्ये अरथमल ढोर नावाच्या अध्यात्मप्रेमी गृहस्थाने त्यांच्या हाती आचार्य कुंदकुंदांचा ‘समयसार’ आणि त्यावरील पांडे राजमल्लांची लोकभाषेतील टीका ठेवली. आत्मा शुद्ध आहे, शुभ आणि अशुभ दोन्ही क्रिया बंधास कारण आहेत, हा निश्चयनयाचा विचार वाचून बनारसीदास भारावून गेले. परंतु व्यवहारनयाचे स्थान त्यांना उमगले नाही. क्रियेचा रस गेला आणि आत्म्याचा स्वाद तर आला नाही, अशी मधल्यामध्ये लोंबकळणारी स्थिती झाली. जप, सामायिक, प्रतिक्रमण सुटले. देवाला वाहिलेला नैवेद्यही ते खाऊ लागले. चंद्रभान, उदयकरण आणि थानमल या मित्रांसह बंद खोलीत वस्त्रे उतरवून मुनिअवस्थेचे सोंग करण्यापर्यंत मजल गेली. लोक त्यांना ‘खोसरामती’ म्हणून हिणवू लागले.

ही अवस्था थोडीथोडकी नव्हे, बारा वर्षे टिकली. या काळातही त्यांनी दोन गोष्टी सोडल्या नाहीत : स्वाध्याय आणि सत्संगती. ते वाचत राहिले, छोट्या रचना करीत राहिले, चर्चा करीत राहिले. समाजाने नावे ठेवली म्हणून ते समाजापासून दूर झाले नाहीत. आणि आपणास सर्व उमगले आहे अशा भ्रमाने त्यांनी नवा पंथही घोषित केला नाही.

संवत १६९२ (इ.स. १६३५) मध्ये पंडित पांडे रूपचंद आग्र्यास आले. अध्यात्मप्रेमी मंडळींनी त्यांच्याकडून ‘गोम्मटसार’ ग्रंथाचे वाचन करविले. जीव ज्या गुणस्थानावर आहे त्या गुणस्थानास अनुरूप त्याची क्रिया असते, हे चौदा गुणस्थानांचे विवेचन ऐकून बनारसीदासांच्या मनातील गाठ सुटली. निश्चय आणि व्यवहार हे परस्परांचे शत्रू नसून दोन दृष्टी आहेत, हा स्याद्वादाचा अर्थ त्यांना उमगला. त्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते, नगरात कवी म्हणून त्यांची ख्याती होती. तरीही एका विद्वानासमोर श्रोता म्हणून बसून स्वतःचे मत बदलण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

पदाविना नेतृत्व

बनारसीदासांचे खरे नेतृत्व येथून प्रकट झाले. पुढच्याच वर्षी, संवत १६९३ मध्ये, त्यांनी ‘समयसार नाटक’ हा ग्रंथ रचला. संस्कृत-प्राकृत न जाणणाऱ्या गृहस्थांस आत्मतत्त्व सुगम झाले. या ग्रंथात त्यांनी रूपचंद, चतुर्भुज, भगवतीदास, कुंवरपाल आणि धर्मदास या पाच सहकाऱ्यांचा आदराने उल्लेख केला आहे. आग्र्याच्या या अध्यात्म-मंडळीस ना गादी होती, ना पदाधिकारी. एकत्र बसून ग्रंथ वाचणे, शंका विचारणे आणि उत्तर शोधणे एवढेच तिचे कार्य. जन्माने श्वेतांबर परंपरेतील या श्रावकाने दिगंबर आचार्यांचा ग्रंथ आपलासा केला आणि दोन्ही परंपरांतील जिज्ञासू या चर्चेत सहभागी झाले.

या विचाराला विरोधही झाला. उपाध्याय मेघविजय यांनी ‘युक्तिप्रबोध’ ग्रंथात या मताचे खंडन केले. तरीही ही स्वाध्यायपरंपरा लाहोर, मुलतानपर्यंत पोहोचली आणि पुढील शतकात जयपूरच्या पंडित टोडरमलजींच्या कार्यास तिने भूमी सिद्ध केली. बनारसीदास ‘अर्धकथानका’नंतर फार काळ जगले नाहीत, उरलेले अर्धे आयुष्य त्यांना लाभले नाही. संवत १७०१ मध्ये जगजीवन यांनी त्यांच्या स्फुट रचना ‘बनारसी-विलास’ नावाने संकलित केल्या. वंश राहिला नाही, संपत्ती राहिली नाही. मंडळी मात्र राहिली.

जमाखर्चाचा वारसा

‘अर्धकथानका’च्या अखेरीस कविवरांनी स्वतःचे गुण आणि दोष वेगवेगळे मांडले आहेत. क्षमा, संतोष, काव्यपठण, अध्यात्माची आवड हे गुण एका बाजूस. तर धनाचा विशेष लोभ, नफ्याने हर्ष, तोट्याने शोक, प्रसंगी असत्य बोलणे हे दोष दुसऱ्या बाजूस. व्यापाऱ्याच्या वहीत जमा आणि नावे समोरासमोर असतात. एक बाजू कोरी ठेवली तर ती वही खोटी ठरते. कविवरांनी जीवनाची वही तशीच लिहिली आणि त्यामुळेच त्यांच्या शब्दावर लोकांनी विश्वास ठेवला.

धार्मिक संस्था चालविणाऱ्यांसाठी या चरित्रातील बोध स्पष्ट आहे. आजचा युवक पूजा का करावी, क्रियेचा अर्थ काय, असे प्रश्न विचारतो, तेव्हा त्यास नास्तिक ठरवून मंदिराच्या पायरीवरून परत पाठविणे सोपे आहे. आग्र्याच्या समाजाने बनारसीदासांना हिणविले खरे, परंतु तेथे एक अरथमल होते, ज्यांनी हाती ग्रंथ दिला. आणि एक रूपचंद होते, ज्यांनी बारा वर्षांच्या संभ्रमावर रागावण्याऐवजी ग्रंथ उघडून अर्थ सांगितला. पहिल्याने प्रश्न जागविला, दुसऱ्याने उत्तर दिले, आणि मध्ये मित्रमंडळींनी साथ सोडली नाही. संस्थेचे मोल इमारतीच्या उंचीवरून नव्हे, तर तिच्या छायेत किती जणांचे संभ्रम धीराने ऐकून घेतले जातात, यावरून ठरावे.

सुवर्णमहोत्सव हा जमेच्या बाजूकडे पाहण्याचा आनंदाचा प्रसंग असतो. त्याच वेळी नावे बाजूही निर्भयपणे वाचण्याची आणि ज्ञानी व्यक्तीसमोर श्रोता म्हणून बसण्याची वृत्ती समाजाच्या धुरीणांत सदैव जागृत राहो. कविवर बनारसीदासांचे स्मरण यापरते दुसरे काय असू शकेल?

जय जिनेंद्र!