बायकोच्या नावावर

कर वाचवणे, कर टाळणे आणि कर चुकवणे हे तीन शब्द आपल्या घरांत एकाच दमात बोलले जातात. मार्च महिना आला की जेवणाच्या ताटावरसुद्धा त्यांची सरमिसळ चालते. खरं तर तिघांची घरं वेगळी आहेत. मिळकत लपवली तर तो कर चुकवणं झालं, तो सरळ गुन्हा. कायद्यानं स्वतःच उघडं ठेवलेलं दार वापरून पैसे शिल्लक टाकले तर ते कर वाचवणं. अडचण मधल्या शब्दाची. कर टाळताना कागद बरोबर असतो, शिक्का खरा असतो, सहीही खरी असते. फक्त व्यवहार खरा नसतो. या मधल्या शब्दाचा इतिहास वाचत गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्यात आपण बायका जागोजागी आहोत, आणि पुष्कळदा नुसत्या नावापुरत्या.

आधी वाचवण्याची गोष्ट. 1857च्या उठावानंतर तिजोरी रिकामी झाली, म्हणून जेम्स विल्सन या इंग्रज अर्थमंत्र्यानं 1860 साली आपल्याकडे प्राप्तिकर आणला. पुढे 1886च्या कायद्यात एक सवलत आली. आयुर्विम्याचा हप्ता भरणाऱ्याला, मिळकतीच्या सहाव्या हिश्शापर्यंत, त्या रकमेवर कर माफ. करता पुरुष अचानक गेला तर मागे राहणाऱ्या बाईमुलांची सोय त्यानं आधीच करून ठेवावी, असं हे दार. म्हणजे करबचत ही काही अलीकडच्या एजंटांनी काढलेली युक्ती नव्हे. तिला सव्वाशे वर्षांहून जास्त वय आहे.

स्वातंत्र्यानंतर ही दारं वाढली. 1968 साली सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, म्हणजे आपला पीपीएफ, सुरू झाला. त्याची मुदत पंधरा वर्षांची. यातला सौदा नीट समजून घ्यायला हवा. सरकार थोडा कर सोडतं, आणि त्या बदल्यात तुमचा पैसा खरोखर अडकून पडतो. तुम्ही साडी घेत नाही, बांगडी करत नाही, हात आवरता. अल्पबचतीच्या रकमेतला मोठा वाटा केंद्र सरकार राज्यांना कर्जाऊ देत असे. तुमच्या आवरलेल्या हातातून कुठंतरी एखादं विकासाचं काम उभं राहायचं. दोन्ही बाजूंनी काहीतरी दिलं जातं, म्हणून तो सौदा सरळ.

1972 साली पोस्टाच्या आवर्त ठेवींसाठी महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजना निघाली आणि बायका एजंट झाल्या. आमच्या बेळगावकडे गल्लोगल्ली अशा अक्का असायच्या. खांद्याला पिशवी, हातात कार्डांचा गठ्ठा, दर महिन्याला दारात हजर. मिळणारं कमिशन त्यांचं स्वतःचं. नाव त्यांचं, पाय त्यांचे, पैसाही त्यांचाच. ही अक्का मनात ठेवा, कारण आता दुसऱ्या प्रकारचं नाव येतंय.

कराचा दर मिळकतीबरोबर चढत जातो. म्हणून एकाची मिळकत दोघांत वाटली तर दोघंही खालच्या पायरीवर येतात आणि कर कमी होतो. ही खोच कळायला फार वेळ लागला नाही. नवऱ्यानं ठेव बायकोच्या नावे करायची, दुकानात तिला भागीदार दाखवायचं. 1937 साली सरकारनं 1922च्या कायद्यात कलम घालून ही वाट अडवली. नवऱ्यानं योग्य मोबदला न घेता बायकोला मालमत्ता दिली तर तिचं उत्पन्न नवऱ्याच्याच मिळकतीत धरायचं. ज्या पेढीत नवरा भागीदार, तिथला बायकोचा नफाही त्याच्याच खात्यावर. 1961च्या कायद्यात हेच कलम 64 झालं. हा समानतेचा भंग आहे अशी तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती, पण 1961 साली न्यायालयानं तरतूद वैध ठरवली. कर टाळायची ही इतकी रुळलेली वाट होती की ती बुजवायचा सरकारला हक्क आहे, असा त्याचा मथितार्थ.

या कलमाची एक गंमत सांगते. कलकत्त्याच्या एका गृहस्थानं डिसेंबर 1947मध्ये आपल्या वाग्दत्त वधूला साडेसातशे शेअर दिले. जानेवारी 1948मध्ये त्यांचं लग्न झालं. करखातं म्हणालं, ही तर तुमची पत्नी, लाभांश तुमच्या मिळकतीत धरणार. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. शेअर दिले त्या दिवशी ती पत्नी नव्हती, म्हणून कलम लागू नाही, असा निकाल 1963 साली लागला. शेअर खरोखर तिचेच झाले होते, हेही विसरू नये. हीच रक्कम बायकोच्या नावावर टाकून चेकबुक स्वतःच्या खिशात ठेवणारा नवरा आणि हा गृहस्थ एका मापानं मोजता येणार नाहीत.

1973-74 साली दर कळसाला पोचले. दोन लाखांवरच्या मिळकतीतल्या शंभर रुपयांपैकी अधिभारासह 97 रुपये 75 पैसे सरकारला. निवृत्त सरन्यायाधीश के. एन. वांछू यांच्या समितीनं 1971मध्येच सांगितलं होतं की इतके चढे दर हेच करचुकवेगिरीचं एक मोठं कारण आहे. 1974-75मध्ये हा दर 77 टक्क्यांवर आला. त्या काळातल्या व्यापाऱ्यांना आज नावं ठेवणं सोपं आहे, मला ते करायचं नाही. पण त्या चढ्या दरांचं ओझं घरात कुणाच्या डोक्यावर आलं तेही बघा. माझ्या नात्यातल्या एका आजी कापडाच्या तीन पेढ्यांत भागीदार होत्या. हे त्यांना कळलं ते यजमान गेल्यावर, देणेकऱ्यांची नोटीस दारात आली तेव्हा. "वहिनी, इथं सही करा," एवढंच त्यांना भागीदारीतलं ठाऊक. नफ्याचा पैसा कधी हाताला लागला नव्हता. पण 1932च्या भागीदारी कायद्यात भागीदाराची जबाबदारी अमर्याद असते. स्त्रीधनातल्या पाटल्या गेल्या तेव्हा कुठं ते देणं मिटलं.

मग टाळणं आणि वाचवणं यांतली रेघ कुठं काढायची? न्यायालयांनाही हे चटकन सुचलेलं नाही. इंग्लंडमध्ये वेस्टमिन्स्टरच्या ड्यूकनं आपल्या माळ्याचा पगार वार्षिक देणगीच्या करारात बसवला आणि कर कमी केला. माळी तोच, बाग तीच, कागद तेवढा निराळा. तिथल्या सर्वोच्च न्यायपीठानं ड्यूकच्या बाजूनं निकाल दिला. आपल्याकडे 1985 साली मॅकडॉवेल प्रकरणात सर्वोच्च न्यायालय वेगळं बोललं. कायद्याच्या चौकटीतलं नियोजन मान्य, रंगरंगोटी केलेला देखावा अमान्य. 2003 साली त्याच न्यायालयानं समजावलं की कर कमी झाला एवढ्यावरून व्यवहार खोटा ठरत नाही. आणि 2017पासून मोठ्या रकमांच्या बाबतीत करखात्याला व्यवहाराचा मूळ हेतू तपासायचा अधिकार मिळाला आहे.

आपल्या पाठशाळेत मात्र ही रेघ लहानपणीच शिकवलेली असते. अचौर्य अणुव्रताचे पाच अतिचार आठवा. चोरीची चिथावणी, चोरीचा माल घेणं, विरुद्धराज्यातिक्रम, खोटी वजनमापं आणि भेसळ. राज्याचे नियम ओलांडून केलेला व्यापार तिसऱ्यात येतो, आणि जकात किंवा कर बुडवणं त्यातच धरतात. व्रत पार मोडलं तर तो अनाचार. अतिचार म्हणजे व्रत उभं आहे, पण डाग पडलाय. मला तर मधल्या शब्दासाठी याहून चांगली व्याख्या सापडली नाही.

आता आपल्यापुरतं. नवऱ्यानं बायकोच्या पीपीएफमध्ये पैसे भरून जुन्या करपद्धतीत सवलत घेतली तर ते कायद्याला मान्य आहे. घर बायकोच्या नावे घेणंही गैर नाही. बेनामी व्यवहाराच्या कायद्यात पती-पत्नीला तशी मुभा आहे, फक्त पैसा कुठून आला हे दाखवता यायला हवं. नवऱ्यानं दिलेल्या पाच लाखांच्या ठेवीचं व्याज त्याच्या मिळकतीत धरलं जातं. ते व्याज तुम्ही पुन्हा गुंतवलं तर त्यावरचं उत्पन्न मात्र तुमचं. माहेरचं तुमचं. घरखर्चाला मिळालेल्या पैशातून वाचवून घेतलेली वस्तू बायकोचीच, असं नागपूरच्या उच्च न्यायालयानं पन्नासच्या दशकात मानलं होतं. 2016च्या नोटबंदीत गृहिणींनी डब्यांतले पैसे बँकेत भरले, तेव्हा अशाच एका गृहिणीची दोन लाखांवरची रक्कम आग्र्याच्या न्यायाधिकरणानं 2021 साली तिची बचत म्हणून मान्य केली. डाळीच्या डब्यालाही कायद्यात जागा आहे, बायांनो!

म्हणून पुढ्यात कागद आला की तीन गोष्टी विचारा. हा पैसा आला कुठून? सही केल्यावर तो माझ्या हातात येणार का? आणि उद्या देणं निघालं तर ते कुणाच्या अंगावर? तिन्ही उत्तरं सरळ मिळाली तर खुशाल सही करा, त्यात बचत आहे. उत्तराऐवजी "तुला काय करायचंय" असं ऐकू आलं, तर पेन खाली ठेवा. आमच्या गल्लीतल्या अक्का निरक्षर ठेवीदारणीलासुद्धा कार्डावरचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवायच्या आणि मगच अंगठा घ्यायच्या. आपल्या घरात आपल्याला तेवढं तरी मिळायला हवं.