भावबंध आणि कौटुंबिक समायोजन : अभ्यासाचे दोन प्रवाह

तरुणांच्या भावबंधाचे स्वरूप व कुटुंबाची संकटास तोंड देण्याची रीत या दोन विषयांचा अभ्यास दीर्घकाळ स्वतंत्रपणे झाला. वस्तुतः या दोहोंस निश्चित आकार आला तो दुसऱ्या महायुद्धाने घडविलेल्या ताटातुटीच्या अभ्यासातून.

१९३९ च्या सप्टेंबरात ब्रिटनमधील शहरांतून सुमारे १५ लाख माणसे, मुख्यतः मुले व माता, सुरक्षित स्थळी हलविण्यात आली. त्याच डिसेंबरात जॉन बोल्बी, डोनाल्ड विनिकॉट व इमॅन्युएल मिलर यांनी लहान मुलांना मातेपासून दूर ठेवण्यातील धोका जाहीरपणे निदर्शनास आणला. बोल्बीच्या १९५१ च्या अहवालाने हा विचार जगभर पोहोचविला. पुढे मेरी एन्सवर्थने बालकांच्या भावबंधाचे प्रकार निश्चित केले, आणि १९८७ मध्ये हेझन व शेव्हर यांनी ते प्रौढांच्या प्रेमसंबंधांस लावून पाहिले.

दुसरा प्रवाह अमेरिकेतील. रूबेन हिलने १९४९ मध्ये आयोवातील १३५ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पिता युद्धावर गेल्याने व परतल्याने घराची घडी विसकटते किंवा टिकते, ते केवळ त्या घटनेमुळे नव्हे. कुटुंबापाशी असलेली साधने आणि त्या घटनेस कुटुंबाने दिलेला अर्थ यांवरही ते अवलंबून असते, असे त्याचे प्रतिपादन होते.

पहिल्या प्रवाहाने माता व मूल पाहिले, पण घराची मिळकत, पिता व शेजार दृष्टीआड राहिले; दुसऱ्याने कुटुंब पाहिले, पण मुलाचे अंतरंग निसटले. या फारकतीचे मोल मातांना द्यावे लागले, कारण तरुणाच्या मनातील अविश्वासाचा दोष त्यांच्याच माथी येऊ लागला. १९७२ मध्ये मायकेल रटरने ताटातूट आणि तिच्याभोवतीचा गृहकलह यांत भेद केला, तेव्हा या समजुतीस धक्का बसला.

या संदर्भात २००० साली प्रसिद्ध झालेले वॉटर्स व सहकाऱ्यांचे संशोधन महत्त्वाचे आहे. शैशवात पाहिलेल्या ५० जणांची सुमारे वीस वर्षांनी पुन्हा तपासणी झाली. ७२ टक्क्यांच्या बाबतीत सुरक्षित वा असुरक्षित हे वर्गीकरण कायम राहिले. मात्र मृत्यू, घटस्फोट, गंभीर आजार यांसारखे आघात ज्यांच्या घरावर झाले होते त्यांच्यात भावबंधाचा प्रकार बदलण्याचे प्रमाण ४४ टक्के, तर इतरांत २२ टक्के होते.

तात्पर्य, भावबंध हा शैशवात कायमचा मुद्रित झालेला ठसा नव्हे. म्हणूनच तरुणाच्या मनाचे मापन करताना त्याच्या घराने कोणते संकट, कोणत्या बळावर सोसले, हेही विचारणे अगत्याचे ठरते.