काटा खाली आला, आणि गाडी गेली

हट्ट्याहून जवळा बाजार, औंढा नागनाथमार्गे हिंगोली हा काही लांबचा पल्ला नाही. पण मे महिन्यात, पारा बेचाळीसच्या पुढं गेलेला असताना, पाच माणसं आणि आहेराची भांडी घेऊन जुनी मारुती ८०० निघाली की तेवढाही पुरतो. खालची गाडी कुणा एकाची नाही. अशा बऱ्याच गाड्यांची दुखणी एकत्र करून ती उभी केली आहे, वेळाही त्याच हिशेबानं लावल्या आहेत. दुखण्यांचा क्रम मात्र खरा आहे.

आदली संध्याकाळ, ६ वाजता. अठरा तास आधी

रेडिएटरमध्ये लिटरभर बोअरचं पाणी ओतलं जातं. मागच्या आठवड्यातही ओतलं होतं. या इंजिनात सगळं मिळून साडेतीन-चार लिटर पाणी फिरतं. त्यातला पावहिस्सा आठवड्यात नाहीसा होतो आणि तो गेला कुठं, हे कुणी विचारत नाही. "उन्हाळा हाय, आटतंय." बंद रेडिएटरमधलं पाणी असं लिटर-लिटर आटत नसतं. त्याला जायला वाटा मोजक्याच: बाहेर गळतं, सिलिंडरमध्ये जाऊन वाफ होतं, ऑइलमध्ये मिसळतं, नाहीतर टोपीखालून उडतं.

कुलंटचा विषय निघाला की ठरलेलं उत्तर असतं: "इथं काय बर्फ पडतो का?" थंड देशांत कुलंट गोठू नये म्हणून घालतात हे खरं. आपल्याकडं त्याचं काम वेगळं आहे. त्यानं उकळबिंदू वर जातो आणि अ‍ॅल्युमिनियमचं हेड, पंपाची पाती गंजण्यापासून वाचतात. बोअरच्या पाण्यातले क्षार उलट नळ्यांच्या आत पांढरा थर धरतात. मिसळायला साधं पाणी हवंच असेल तर बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर दुकानात मिळतं.

रात्री ९. पंधरा तास आधी

इंजिन निवतंय. निवताना आतलं पाणी आकसतं आणि बाजूच्या प्लॅस्टिकच्या बाटलीतून पाणी परत ओढून घेतं. ओढून घेणारी झडप रेडिएटरच्या टोपीत असते, बोटाच्या पेराएवढी. या टोपीचं रबर वाळून कडक झालंय. गरम झाल्यावर पाणी बाटलीत ढकललं जातं, परत मात्र येत नाही. टोपीशेजारून हवा आत शिरते. बाटली भरलेली दिसते, रेडिएटर रिकामा होत जातो.

पहाटे ५:३०. साडेसहा तास आधी

निदान करायची खरी वेळ ही. इंजिन थंडगार आहे, टोपी बिनधोक उघडता येते.

उघडली असती तर पाणी गळ्यापर्यंत नाही हे दिसलं असतं. मग वॉटर पंपाच्या पुलीखाली बॅटरी मारायची. पंपाच्या अंगाला एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं; आतलं सील गेलं की पाणी तिथून पाझरतं. साधं पाणी गरम लोखंडावर लगेच वाळतं, जमिनीवर डबकं दिसत नाही, फक्त भोकाखाली पांढुरका-तांबूस ओघळ उरतो. या गाडीत तो आहे. पुली हातानं हलवली तर खेळतेही. यावर समाधान झालं नाही तर गॅरेजमध्ये रेडिएटरच्या तोंडाला हातपंप लावतात, टोपीवर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरतात आणि काटा किती वेळ टिकतो ते बघतात. काटा उतरतोय पण बाहेर थेंब नाही, तर पाणी आत जातंय. मग ऑइलची पट्टी काढा: ऑइल दुधाच्या चहासारखं झालं असेल तर हेड गॅस्केट गेलंय. प्लग काढा: तीनपैकी एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल तर त्याच सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. थंड इंजिन टोपीविना सुरू करून पाण्यात सतत बुडबुडे आले, तरी संशय गॅस्केटवरच.

हे सगळं अर्ध्या तासाचं काम. घरचे बॉनेट उघडतात, बाटली बघतात, "फुल्ल हाय" म्हणून बंद करतात.

१०:१५. पावणेदोन तास आधी

निघायचं होतं सातला.

१०:५०. सत्तर मिनिटं आधी

जवळा बाजारात ट्रॅक्टरमागं गाडी रांगते. फॅन पूर्वीच "डायरेक्ट" केलाय, चावी फिरवली की फिरतो. त्यामुळं इंजिन तापल्यावर फॅन सुरू होण्याचा आवाज, हा एक इशारा कायमचा गेला. थर्मोस्टॅटही काढून टाकलाय. इथं मला मिस्त्र्यांची बाजू घ्यावीशी वाटते. क्षारांनी अडकलेला थर्मोस्टॅट नवा बसवायचे पैसे गिऱ्हाईक देत नाही आणि गाडी मात्र आजच हवी असते. पण गाडी तापण्याचं कारण तो नव्हताच, म्हणून काढूनही फरक पडला नाही.

११:२५. पस्तीस मिनिटं आधी

औंढ्याकडचा चढउताराचा रस्ता. काटा अर्ध्याच्या वर. चांगल्या टोपीनं जवळपास एक बारचा दाब धरला असता, तर साधं पाणीही ११५ अंशांच्या पुढंपर्यंत उकळलं नसतं. इथं दाबच धरत नाही. शिवाय हा भाग समुद्रसपाटीपासून चारेकशे मीटर उंच, म्हणजे पाणी शंभराच्याही थोडं अलीकडेच उकळतं. एक्झॉस्ट वॉल्वजवळ वाफेचे कप्पे धरायला लागलेत.

अजून गाडी वाचते. सावलीत घ्या, बंद करा. तोवर हीटर पूर्ण सोडा, भर उन्हातसुद्धा. तो छोटा रेडिएटरच आहे.

११:४०. वीस मिनिटं आधी

काटा झपकन खाली येतो.

"काका, उतरला बघा!"

"उतरला ना? मग कशाला थांबायलास? चाल."

काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो, तो पाण्याचं तापमान सांगतो. पाणीच खाली गेलं की तो वाफेत नाहीतर हवेत लोंबकळतो आणि वाटेल ते सांगतो. तापलेल्या गाडीचा काटा गाडी न थांबवताच अचानक उतरला, तर रेडिएटर रिकामा झालाय असं समजायचं. या गाडीतला शेवटचा साक्षीदार आता फुटलाय.

११:५२. आठ मिनिटं आधी

चढाला खडखड ऐकू येते, अ‍ॅक्सिलरेटर दाबूनही ओढ लागत नाही. अ‍ॅल्युमिनियम तापलं की ओतीव लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं. वरचं हेड फुगतंय, खालचा ब्लॉक तेवढा फुगत नाही, आणि मधलं गॅस्केट चेपलं जातंय.

दुपारी १२

इंजिन बंद पडतं. स्टार्टर मारला तर फिरत नाही.

१२:०५

कुणीतरी फडकं घेऊन टोपीकडं जातो. उरलेलं पाणी आणि वाफ थेट तोंडावर येऊ शकते, म्हणून अर्धा-पाऊण तास टोपीला हात लावायचा नसतो. दुसरा बिसलरीची थंड बाटली हेडवर ओततो. हेड नुसतं वाकलेलं असलं तर सरळ करता येतं. अशा पाण्यानं तडकलं तर नाही.

पुढं हेड उतरवलं की लेथवाला त्यावर सरळ पट्टी ठेवून फटीत फीलर गेज घालतो. अशा हेडला वाक चालतो तो मिलिमीटरच्या शंभर भागांपैकी पाचेक भाग. त्यापेक्षा जास्त निघाला की फेसिंग, नवं गॅस्केट, पिस्टन-रिंगांची तपासणी आणि अर्थातच तो पंप. रेडिएटरची टोपी वसमतच्या कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळते. जुनी गाडी असेल तर यंदाच्या उन्हाळ्याआधी ती बदला, आणि रेडिएटरमध्ये ओतलेल्या प्रत्येक लिटरचा हिशेब मिस्त्रीकडं मागा.